नऊ नंबरचा तुरा

उसाला तुरा आला की शेतकऱ्याचं तोंड उतरतं. साखर घटते, कांडी आतून पोकळ पडते, वजन जातं. पण जगात थोडी माणसं अशीही आहेत, जी वर्षभर त्या तुऱ्याकडेच डोळे लावून बसतात. तुरेबाई त्यांतली एक.

तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. ऊस पैदास केंद्रात ती एकतीस वर्षांपूर्वी रोपांना पाणी घालायला म्हणून लागली. हात हलका, नजर बारीक आणि तोंड गप्प. वर्षभरात तिला संकराच्या कामावर घेतलं, आणि तेव्हापासून ती तुरेबाई झाली. नवा आलेला एक कारकून तर तिचं आडनावच तुरे आहे असं समजून पत्रावर तसं लिहायचा. तिनं कधी दुरुस्त केलं नाही.

तिचं काम म्हणजे उसाची लग्नं लावणं. तिचा नवरा याच केंद्रात ट्रॅक्टर चालवायचा, आता निवृत्त होऊन घरी असतो. त्याला अजून सगळे ड्रायव्हरच म्हणतात. तो पाहुण्यांना सांगायचा, "आमच्या हिचं वधूवर सूचक मंडळ आहे. हजारो लग्नं लावली, पण एकाचंही जेवण आमच्या पदरात पडलं नाही."

गमतीचा भाग सोडा, काम तसंच होतं. शेतात ऊस लावतात तो कांडीनं. कांडीवरच्या डोळ्यातून फुटलेला ऊस हुबेहूब पहिल्यासारखा, गुणही तेच आणि दुखणीही तीच. नवी जात काढायची तर बी पाहिजे, आणि बी पाहिजे तर तुरा पाहिजे. तुऱ्यात हजारो बारकी फुलं असतात आणि एकेका फुलात नर-मादी दोन्ही. म्हणून ज्या उसाला आई करायचं, त्याचे स्वतःचे पराग मेलेले आहेत ना, हे आधी बघावं लागतं. ते जिवंत असले तर बाहेरून कितीही तालेवार बाप आणा, आई आपल्याच परागावर बी धरते. आणि वरून काही म्हणजे काही कळत नाही.

तपासायची रीत साधी. सकाळी उजाडता उजाडता, फुलं उमलायच्या आत, पुंकेसर काढायचे, काचेवर चिरडायचे, आयोडीनचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. जिवंत पराग काळेभोर दिसतात, मेलेले पिवळट राहतात. पण एक सकाळ बघून भागत नाही. कडाक्याची थंडी पडली की चांगल्या धडधाकट उसाचेही पराग मरतात, आणि ऊब आली की पुढच्या फुलांतले पुन्हा काळे दिसायला लागतात. म्हणून केंद्राचा नियम होता, तीन सकाळी बघायचं, तीन वेळा वहीत लिहायचं, मगच त्याला आई म्हणायचं.

केंद्राच्या मागच्या अंगाला सिमेंटच्या टाक्यांची एक रांग होती. नवव्या टाकीत उसाचं एक बेट होतं. त्याला सगळे नऊ नंबर म्हणायचे. त्याची आजी म्हणजे नदीच्या पात्रातला रानऊस, बोरूसारखा बारीक, गोडी जवळजवळ नाहीच. फार पूर्वीच्या कुणा साहेबानं गोड उसाशी दोन पिढ्या त्याचा संकर केला आणि त्यातून हा नऊ नंबर निघाला. अंगठ्याएवढा जाड, चवीला मचूळ, रंगानं मळकट. वाटेवर उभा असता तर कुणी दुसऱ्यांदा बघितलं नसतं. पण लाल कूज त्याला कधी शिवली नव्हती.

लाल कूज ज्यांनी बघितली त्यांना तिचं नाव काढायलाही नको वाटतं. ऊस वरून हिरवागार, पण चिरला की आत लाल, मधेमधे पांढरे आडवे पट्टे, आणि आंबलेला वास. तिचा एक नवा प्रकार सहा वर्षांपूर्वी आला आणि त्यानं नावाजलेल्या जाती एकामागून एक संपवल्या. नऊ नंबरच्या अंगातला तो रानातला चिवटपणा गोड उसात उतरवायचा, एवढं एकच काम डॉक्टरांनी आयुष्याला लावून घेतलं होतं. डॉक्टर म्हणजे केंद्राचे पैदासकार, उंच, किरकोळ, चहा गार करून पिणारे. तुरेबाईशी वीस वर्षं त्यांचं बोलणं उसापलीकडे गेलं नव्हतं, पण तिनं लिहिलेला आकडा त्यांनी कधी पुन्हा तपासला नव्हता. तिला तो मान शालजोडीपेक्षा मोठा वाटायचा.

नऊ नंबरची एक खोड होती. सात-आठ वर्षांतून एकदा तुरा टाकायचा. मागचा तुरा आठ वर्षांपूर्वीचा. तेव्हा तुरेबाईनं त्याचे पराग एका जाड, गोड आईवर झाडले. बी धरलं, चार हजार रोपं झाली. उसाच्या बियातून आलेली शंभर भावंडं शंभर तऱ्हेची निघतात, त्यामुळे निवडानिवड वर्षानुवर्षं चालते. चार हजारांतून चारशे, चारशेतून चाळीस, चाळिसातून तीन. शेवटी एक राहिला, एकशे चौदा. मनगटाएवढा, सरळसोट, रसाला सुरेख. वर्गात पहिल्या आलेल्या मुलीकडे बापानं बघावं तसं डॉक्टर त्याच्याकडे बघायचे.

मग त्याची परीक्षा झाली. वीस उसांना भोकं पाडून आत रोगाचं पाणी सोडलं, मेणानं तोंडं बुजवली आणि साठ दिवस थांबले. त्या दिवशी सकाळी टेबलावर वीसच्या वीस ऊस ओळीनं मांडले. डॉक्टर समोर उभे, तुरेबाईच्या हातात कोयता.

पहिला ऊस उभा चिरला आणि वास आधी आला.

"दुसरा," डॉक्टर म्हणाले.

दुसराही लाल. तिसरा, चौथा. सातव्यापासून डॉक्टरांनी नंबर सांगायचं सोडलं. तुरेबाई चिरत गेली आणि टेबलावर चाळीस लाल फाळक्या उघड्या पडल्या. शेवटचा ऊस चिरल्यावर डॉक्टर टेबलाच्या कडेला टेकले. आठ वर्षं ज्याला अंगाखांद्यावर खेळवलं, त्याचं असं झालं.

"असं कसं झालं हो बाई?" त्यांनी विचारलं. तेव्हा तिला खरंच माहीत नव्हतं.

उत्तर आठ दिवसांनी प्रयोगशाळेतून आलं. तिथे एक मुलगी नवीन लागली होती, जाड चष्म्याची, बोलायला फटकळ. पानाच्या तुकड्यावरून उसाचे आईबाप ओळखायचं तिचं काम. ती कागद घेऊन डॉक्टरांच्या खोलीत आली तेव्हा तुरेबाई कोपऱ्यात पाट्यांवर नंबर रंगवत होती.

"सर, एकशे चौदामध्ये नऊ नंबरचा काहीच अंश नाही. एक टक्काही नाही. जे आहे ते सगळं आईचं."

"म्हणजे?"

"म्हणजे आईनं आपल्याच परागावर बी धरलं. बाप लागलाच नाही."

"तुमचे नमुने बदलले असतील."

"सर, मी दोनदा केलंय."

"मग तिसऱ्यांदा करा," डॉक्टर म्हणाले. "ती आई तीन सकाळी तपासलेली आहे. बाईंनी तपासलीय. तिथे चूक होणार नाही. नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवा."

"उत्तर यायला तीन आठवडे लागतील."

"लागू देत."

तुरेबाईच्या हातातला ब्रश पाटीवरच थांबला आणि चारचा आकडा पसरून नऊसारखा दिसायला लागला.

जेवणाच्या सुट्टीत ती जुन्या वह्यांच्या कपाटापाशी गेली. आठ वर्षांपूर्वीची वही काढली. पान सापडलं. तिचंच अक्षर. पहिली सकाळ, पराग मेलेले. दुसरी सकाळ, पराग मेलेले. तिसरी सकाळ, पराग मेलेले. तिन्ही ओळी एकाच शाईत, एकाच तिरपेपणानं, एका बैठकीत लिहिलेल्या.

तिला ती बैठक आठवली. त्या आठवड्यात दात वाजतील अशी थंडी होती. पहिल्या सकाळी तिनं काच बघितली, सगळे पराग पिवळट. तिला खात्री पटली. इतकी वर्षं बघतेय, नुसत्या पुंकेसराच्या रंगावरून कळतं मला, असं तिला वाटलं. घरी कुणी आजारी नव्हतं, कुठे लग्न नव्हतं, अंगात कणकण नव्हती. सबब सांगायला एकही जागा नव्हती. तिनं पुढच्या दोन ओळी तिथल्या तिथे भरल्या आणि दोन सकाळी बाकीच्या कामात घातल्या. तिसऱ्या दिवशी थंडी ओसरली होती, तेही तिला आता आठवलं.

वही मिटताना तिच्या मनात आणखी एक गोष्ट आली. थोडे पराग नऊ नंबरचेही लागले असणारच. चार हजारांत पाचपन्नास खरी लेकरं असणारच. ती अंगानं बारीक आणि गोडीला कमी निघाली असणार. आणि बारीक रोपं पहिल्याच वर्षी उपटून टाकली होती. तिनंच, याच हातांनी, बांधावर ढीग घालून.

आता खरी अडचण वेगळीच होती. नऊ नंबर मरत होता. दोन वर्षांपूर्वी त्याला गवताळ रोग लागला. तेव्हापासून टाकीत ऊस कमी आणि फिकट गवतासारखे फुटवेच जास्त. कांड्या लावून बघितल्या, रुजल्या नाहीत. चष्मेवालीनं शेंड्यातला कोवळा भाग बाटल्यांत वाढवायचा प्रयत्न दोनदा केला, दोन्ही वेळा बुरशी चढली. दुसऱ्या एका केंद्राला दिलेली बेटं पुरात गेली होती. पुढचा हंगाम तो बघणार नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. आणि नेमका याच आठवड्यात, धड उरलेल्या चार उसांपैकी एकानं तुरा टाकला होता. डॉक्टर तो बघायला गेलेही होते. "शेवटचा दिसतोय," एवढंच म्हणाले. पण एकशे चौदा हातात आहे, त्यात नऊ नंबर उतरलेला आहे, या समजुतीत त्यांनी त्या तुऱ्याची काही व्यवस्था केली नव्हती. रोगट बेटावर हंगामाचं मनुष्यबळ कोण खर्च करणार?

तुरा उमलतो वरून खाली, आठ-दहा दिवसांत संपतो. बाहेरचं उत्तर तीन आठवड्यांनी यायचं होतं.

म्हणजे तिनं तोंड उघडलं नाही तर सगळं संपलं. आणि उघडलं तर तिचं काय राहणार?

त्या संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं. ड्रायव्हर खाटेवर बसून, दिवसभर उन्हात ठेवलेले रेडिओचे सेल पुन्हा चालतात का ते बघत होता.

"किती लोकांना माहीत आहे?" त्यानं विचारलं.

"मला. आणि आता तुम्हाला."

"मग झालं तर. सात महिने राहिलेत तुझ्या निवृत्तीला. उसानं स्वतःशीच लग्न लावलं, त्यात भटजीचा काय दोष?"

"अहो, थट्टा करू नका."

"मग काय करू, रडू?" तो सेल खाली ठेवून म्हणाला. मग आवाज उतरवून, "अगं, एकतीस वर्षं घासलीस तू. जाता जाता तोंडाला काळं फासून घेतेस? ते डॉक्टर तुला उभी करणार नाहीत दारात. तो ऊस तसाही मरणारच आहे. रोगट आहे. तू बोललीस म्हणून जगणार आहे का?"



रोज सकाळी आंघोळ झाली की ती देवापुढे दिवा लावून दोन मिनिटं बसायची. मागायची काही नाही, तशी सवयच नव्हती. त्या चार दिवसांत मात्र तिला नुसतं बसणंही जमेना. दिवा लावायची आणि उठायची. देवाला माहीत असलेली गोष्ट देवापुढे लपवून बसायचं कसं?

हो, चार दिवस गेले. ते तिनं पुढे कधी स्वतःला माफ केले नाहीत. रोज ती टाक्यांकडे जायची. तुऱ्याचा शेंडा उमलला, मग वरचा चतकोर, मग तिसरा हिस्सा. बारक्या फुलांतून जांभळी पिसं बाहेर यायची, पराग झेलायला, आणि दुपारपर्यंत कोमेजून जायची. बेटाखाली ती उभी राहायची आणि शाळेत उत्तर येत असून हात वर न करणाऱ्या मुलीसारखी परत यायची.

पाचव्या सकाळी ती जुनी वही घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेली. चष्मेवाली तिथेच होती. तिला बाहेर जायला सांगावं असं क्षणभर वाटलं, मग वाटलं, राहू दे, तिलाही ऐकायचा हक्क आहे.

"सर, ही आई मी एकच सकाळ बघितली होती," तिनं पान उघडून समोर ठेवलं. "दुसरी आणि तिसरी बघितली नाही. बसल्या जागी लिहिली. नमुने बदललेले नाहीत. या पोरीचं बरोबर आहे."

डॉक्टरांनी पान बघितलं. त्या तीन ओळींवर त्यांनी वरून खाली बोट फिरवलं.

"केव्हा कळलं तुम्हाला?"

"गेल्या सोमवारी."

"आज शुक्रवार आहे."

"हो सर."

"चार दिवस," डॉक्टर म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "आठ वर्षांपूर्वीचं मी समजू शकतो, बाई. माणूस एखाद्या सकाळी आळस करतो. पण हे चार दिवस? तुरा उमलतोय हे तुमच्याइतकं कुणाला कळतं?"



"सर, हे नंतर बोलू," चष्मेवाली मधेच म्हणाली. "तुरा किती राहिलाय, मावशी?"

"निम्म्याहून थोडा जास्त."

तिघंही टाक्यांकडे निघाले. तुरेबाईनं खालच्या न उमललेल्या फुलांतले पुंकेसर काढले आणि प्रयोगशाळेत काच तयार केली. डोळा लावला. एकही काळा पराग नाही. चार दिवस पुन्हा थंडीची लाट होती.

"बापाचे पराग मेलेत," ती म्हणाली.

डॉक्टरांनी तिला बाजूला व्हायची खूण केली आणि स्वतः डोळा लावला. वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिची काच पुन्हा बघितली. तिला ते दिसलं, आणि त्यांनाही दिसलं असावं, कारण सरळ होताना त्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं.

"संपलं," ते म्हणाले.

"बाप म्हणून संपलं," तुरेबाई म्हणाली. "आई करता येईल, सर."

डॉक्टर वळले.

"त्याचे स्वतःचे पराग मेलेत म्हणजे आई म्हणून तो चोख आहे. पिसं जिवंत आहेत, मी रोज बघतेय. बाहेरून पराग आणून झाडायचे. उबेच्या खोलीतल्या गोड उसांना तुरे आहेत, त्यांचे पराग काळे असतील."

"ते दुसऱ्या योजनेचे आहेत," चष्मेवाली म्हणाली.

"योजना गेली खड्ड्यात," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या तोंडून असा शब्द कुणी ऐकला नव्हता. मग तुरेबाईकडे न बघता, "रोगट बेट आहे. बी पक्व व्हायला चार आठवडे लागतात. तोवर तो उभा राहील?"

"माहीत नाही, सर."

"थंडीत बी धरेल?"

"फार कमी."

"बरं," ते म्हणाले. "उद्यापासून."

पुढचे सहा दिवस तुरेबाई उजाडायच्या आत केंद्रात असायची. उबेच्या खोलीतून तोडलेले तुऱ्याचे ऊस, कोमेजू नयेत म्हणून सौम्य आम्लाच्या पाण्याच्या बादलीत उभे करून हातगाडीवरून टाकीपर्यंत आणायचे. भोवती कापडाचा उंच पिंजरा. शिडीवर चढून बापाचा तुरा आईच्या तुऱ्यावर धरायचा आणि बोटानं टिचक्या मारायच्या. परागाचा जीव जेमतेम अर्धा तास. वारा सुटला की सगळं व्यर्थ. त्या आधी रोज दोन काचा, आईची आणि बापाची. ती बघायची, वहीत लिहायची, आणि तिच्यामागून डॉक्टर वाकून त्याच काचा बघायचे. एकदाही त्यांनी तिला चूक सांगितली नाही, आणि एकदाही बरोबर म्हटलं नाही. केंद्रात बातमी पसरायला वेळ लागत नाही. नळावरच्या बायका गप्प व्हायच्या. एक माळी तर तोंडावर म्हणाला, "काय तुरेबाई, या नवरीची पत्रिका नीट बघितली ना?" बोलायचा अधिकार गमावला की माणसाला थट्टाही मुकाट गिळावी लागते.

चौथ्या दिवशी शिडीवर तिचे हात इतके गारठले की बापाचा तुरा निसटून खाली पडला. सगळे पराग मातीत. ती तशीच शिडीवर बसून राहिली. खाली चष्मेवाली उभी होती.

"मावशी, दुसरा आणू?"

"दुसरा आणेपर्यंत उशीर होईल गं."

"मी पळते."

ती खरंच पळाली, बादली हेंदकाळत, अर्धी स्वतःच्या अंगावर सांडत. तुरेबाईनं तोवर ओंजळीत तोंड घालून बोटांवर वाफ घेतली, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा देवाकडे काहीतरी मागितलं. एवढे चार आठवडे याला उभा ठेव. स्वतःसाठी काही मागायला तिची जीभ वळली नाही.

तुरा संपला. पिंजऱ्यावर दुहेरी कापड घातलं, आत दिवे लावले, ऊब राहावी म्हणून. दहाव्या दिवशी नऊ नंबरच्या खालच्या पानांच्या कडा जळाल्या. पंधराव्या दिवशी शेजारचे दोन ऊस आडवे झाले. तुऱ्याचा ऊस दोरीनं बांबूला बांधला. ड्रायव्हर घरातलं जुनं घोंगडं घेऊन आला आणि टाकीभोवती गुंडाळून गेला. घरी आल्यावर म्हणाला, "तू बोललीस म्हणून जगेल असं मला अजूनही वाटत नाही. पण घोंगडं असंही पडूनच होतं."

चोविसाव्या दिवशी ऊस बुडातून वाळला. चार दिवस कमी पडले. तेच चार दिवस.

तुरा कापून कागदी पिशवीत झटकला. वाऱ्यावर उडणाऱ्या म्हातारीसारखा पांढरा कापूस निघाला, चिमूटभरच. उसाचं बी एवढं बारीक, की त्या कापसात ते आहे की नाही हेही डोळ्यांना कळत नाही. उबेच्या खोलीत एका ट्रेमध्ये तो पसरला. वरून धुक्यासारखं पाणी. चांगलं बी असेल तर चौथ्या दिवशी ट्रे हिरवा दिसतो.

चौथ्या दिवशी काही नाही. सहाव्या दिवशी काही नाही. आठव्या दिवशी डॉक्टर आले, उभे राहिले, गेले. नवव्या दिवशी तुरेबाईला भिंगाखाली एक हिरवा केस दिसला. मग दुसरा. एकूण पाच.

त्याच दिवशी तिच्या बदलीचा कागद आला. संकराच्या कामावरून काढून रोपवाटिकेत, रोपांना पाणी घालायला. डॉक्टरांनीच लिहिला होता, आणि स्वतः हातात दिला.

"मला हे लिहावंच लागलं," ते म्हणाले.

"बरोबर आहे, सर."

"पाच रोपं, बाई. चाळीस हजारांत एखादा ऊस जात म्हणून निघतो. पाचात काय निवडणार? यातल्या कुणात नऊ नंबरचा तो गुण उतरलाय हे कळायलाच दोन वर्षं. मग पुन्हा गोडाशी संकर, पुन्हा निवड. बारा वर्षं धरा. पंधरा धरा. मी नसेन इथे."

"मीही नसेन."

"आणि तोपर्यंत लाल कूज थांबून राहणार नाही."

"नाही राहणार, सर."

डॉक्टर ट्रेवर वाकले. "पाणी बेतानं घाला," म्हणाले आणि गेले.

नऊ नंबरचं बेट मुळासकट खणून जाळलं, रोग पसरू नये म्हणून. नववी टाकी मोकळी झाली. पाच रोपांतली दोन पहिल्याच आठवड्यात मुळाशी काळी पडून कोलमडली. उरलेली तीन दोन-दोन पानांवर आली, तेव्हा चष्मेवालीनं टोकाचे तुकडे नेले आणि तीन दिवसांनी धापा टाकत परत आली.

"मावशी, तिन्ही खरी आहेत! आई नऊ नंबर, बाप गोड. तिन्हींत दोघं!"

तुरेबाई हसली नाही. ती नुकतीच रोपांना पाणी घालून उठली होती, आणि तिला जे दिसलं होतं ते त्या पोरीला अजून दिसलं नव्हतं. मधल्या रोपाचं खालचं पान पिवळं पडून मातीला टेकलं होतं. तिनं बोटानं ते हळूच उचललं. बुडाशी देठ मऊ लागला.

"हे जातंय," ती म्हणाली.

"काही करता येणार नाही?"

"नाही गं. उरलेल्या दोघांना याच्यापासून लांब ठेवायचं, एवढंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेलं होतं. तुरेबाईनं कुंडी उचलून बाहेर नेली, माती वेगळी केली, हात साबणानं दोनदा धुतले. मग रोपवाटिकेची वही घेतली. तारीख घातली, रोपाचा नंबर घातला आणि पुढे 'मेलं' असं लिहिलं. खाली उरलेल्या दोघांच्या ओळी होत्या. पहिल्या रोपाजवळ ती गुडघ्यावर बसली, पानं मोजली, उंची मोजली, बुडाशी देठ चाचपला, मगच लिहिलं. मग दुसऱ्याजवळ जाऊन बसली.

डॉक्टर थोड्या वेळानं येतील आणि पुन्हा बघतील हे तिला माहीत होतं. तिनं वही मिटली नाही. त्यांना सोयीचं पडेल अशी, दाराकडे तोंड करून, टेबलावर उघडी ठेवली आणि झारी भरायला नळावर गेली.